शेवटचा पक्षी उठेपर्यंत

९ फेब्रुवारी

प्रिय कॉरीन,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पहिल्यांदा मनात आलं, हॅटीला काही झालं. म्हणून गेटपाशीच, थंडीत, उभ्या उभ्या फोडलं. सात वर्षांत तुझं हे पहिलं पत्र, माणसाच्या मनात आधी वाईटच येतं. हॅटी खुशाल आहे हे वाचलं तेव्हा कुठे आत येऊन बसलो.

तू लिहितेस की तिच्या तिसरीचा वर्ग मार्चअखेर आमच्या नदीवर क्रौंच बघायला येणार आहे. शाळेनं ठरवलंय, तुझ्या हातात नाही. त्या दिवशी मी अभयारण्यावर जाऊ नये, घरी राहावं, असं तुझं म्हणणं. कारण तिला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. ती ग्लेनलाच बाप समजते, तोही तिला पोटच्या पोरीसारखं वागवतो, आणि ती थोडी मोठी झाली की मिलोबद्दल, तिच्या खऱ्या बापाबद्दल, तू स्वतःच तिला सांगणार आहेस.

हे मला समजतं. समजत नाही असं नाही. मिलो गेला तेव्हा ती धड चालतही नव्हती. पुलावरच्या बर्फावर गाडी घसरली, त्याला कोण काय करणार? त्यानंतर तू लिंकनला निघून गेलीस, तिथे दुसरा संसार मांडलास, त्यालाही मी कधी नाव ठेवलं नाही. दफनानंतर चर्चच्या तळघरात, सगळे जेवायला बसलेले असताना, माझी व्लास्ता तुला जे बोलली ते पोरगा गेलेल्या आईचं बोलणं होतं. कबरीवर गवत उगवायच्या आत दुसरा नवरा करशील, असं कुणी कुणाला बोलू नये. आता तीही नाही. तिच्या वतीनं मी माफी मागत नाही, तिला ते आवडलं नसतं. आमच्या घरची तऱ्हा तुला माहीतच आहे.

पण कॉरीन, शाळेची पोरं पक्षी बघायच्या लपणात न्यायचं काम माझ्याकडे असतं. डार्ला तिथली सगळी व्यवस्था बघते, तिच्याकडे दुसरा एक माणूस आहे, पण तो पोरांवर खेकसतो, आणि खेकसलं की पक्षी उठतात. हे कारण खोटं नाही. खरं कारण तुला ठाऊक आहे. मला तिला एकदा बघायचं आहे. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. लपणात तसंही कुणी बोलत नाही. पहाटे अंधारात आत शिरायचं, आणि वाळूवरचा शेवटचा पक्षी उठेपर्यंत आवाज करायचा नाही, बाहेरही पडायचं नाही, हा तिथला नियमच आहे. मग माझ्याकडून चूक व्हायला जागा कुठे आहे?

विचार कर. नाही म्हणालीस तर मी घरी राहीन.

एमिल

४ मार्च

प्रिय कॉरीन,

तुझं कार्ड आलं. ‘ठीक आहे. पण तिला कळता कामा नये. शब्द द्या.’ एवढंच होतं, मागची बाजूही बघितली.

दिला शब्द.

आता एक अडचण आहे. येणारी सगळी पोरं मला आजोबा म्हणतात. मी सांगितलेलं नाही, कुणीतरी कधीतरी सुरू केलं आणि तेच रूढ झालं. म्हणून कालच डार्लाकडे गेलो आणि म्हटलं, लिंकनच्या शाळेला सांग, ह्या खेपेला मला मिस्टर एमिल म्हणा. ती हसायला लागली. “काय हो, बढती झाली वाटतं तुमची! आजोबाचे मिस्टर झालात. आता टाय पण बांधणार का?” मी म्हटलं, बांधीन. तिला कारण सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

हॅटीला गडद रंगाचा कोट दे. तपकिरी, करडा, काळपट हिरवा, काहीही चालेल. भडक रंग पक्ष्यांना लांबून दिसतो, म्हणून लपणात चालत नाही. दोन जोड लोकरी मोजे घाल. लपण म्हणजे नदीकाठचं प्लायवूडचं लांबट खोपटं, शेगडी नसते, खाली पेंढा पसरलेला असतो. पेंढ्याच्या धुळीनं तिला दम लागत नाही ना? मिलोला लागायचा, लहानपणी. लागत असेल तर औषध बरोबर दे आणि बाईंना सांगून ठेव. पोरं आदल्या रात्री इथल्या चर्चच्या हॉलमध्ये झोपतील, तिथे गरम असतं, त्याची काळजी नको. आत संडासाला कोपऱ्यात पडदा लावून बादली ठेवलेली असते, मुली लाजतात, तिला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

फोटो पाठवू नकोस. पाठवलास तरी चालेल. पण नकोच, मी ओळखीन.

माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टरकडे गेलो होतो, विशेष काही नाही. तू विचारलं नव्हतंस, मीच आपलं लिहितो.

एमिल

२८ मार्च

प्रिय कॉरीन,

शब्द पाळला. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

काल पहाटे बस आली तेव्हा काळोखच होता. डार्ला लाल काचेची विजेरी घेऊन दाराशी उभी. “भडक रंगाचे कोट इकडे टाका, ट्रंकेतला एकेक घ्या, कुरकुर करायची नाही!” पोरं झोपेतच होती. मी मागे उभा राहून एकेक तोंड बघत होतो आणि मला एकही ओळखता येईना. टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या, मुलगा कुठला, मुलगी कुठली, तेही कळेना. मग एक दिसली, एका बुटावर दुसरा बूट ठेवून उभी. बस थांबते तिथे मिलो तसाच उभा राहायचा, व्लास्ता ओरडायची, बूट खराब होतात म्हणून.

कोट गुलाबी होता. मी तुला गडद लिहिलं होतं. असो.

मी तिला ट्रंकेतला एक तपकिरी कोट दिला. ट्रंकेत असे पुष्कळ जुने कोट असतात. तिनं तो हुंगला.

“मिस्टर एमिल, ह्याला कुत्र्याचा वास येतोय.”

“कुत्रा चांगला होता,” मी म्हणालो. “नाव काय तुझं?” हे मी सगळ्यांनाच विचारतो, डार्लाला विचार.

“हॅटी. हॅरिएट नाही. नुसतं हॅटी.”

बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या, म्हणजे बरोबर बसला. लपणापर्यंत एकामागे एक चालत गेलो. ती माझ्यामागे तिसरी होती. मी वळून पाहिलं नाही. एकदाच पाहिलं.

आत गेलो, झडपा उघडल्या, बसलो. अजून काही दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज आणि पलीकडे हजारो गळ्यांतून ती गुरगुर. मग आकाश फटफटलं आणि जी वाळू वाटत होती ती हलायला लागली. पोरांच्या माना पुढे झाल्या. हॅटीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दरवर्षी हे बघतो, पण काल मी नदीकडे फारसं पाहिलंच नाही.

एक गरुड आला आणि नदीच्या वरच्या बाजूचे सगळे क्रौंच एकदम उठले. खोपट्याच्या फळ्या थरथरतात त्या वेळी. मग थव्यामागून थवे मक्याच्या शेतांकडे गेले, आणि ऊन वर आलं तरी आमच्या समोरच्या वाळूवर दोघे राहिले. एकाचा डावा पंख लोंबत होता. रात्री खाली उतरताना विजेच्या तारेला धडकतात, असं होतं कधीकधी.

नियम तुला सांगितलाच आहे. शेवटचा पक्षी उठेपर्यंत कुणी हलायचं नाही. त्यांच्या बाई, मिसेस बोलेन, माझ्या कानाशी आल्या. “अहो, बस खोळंबलीय. पोरांच्या पोटात काही नाही. दोनच तर राहिलेत!”

“दोन म्हणजे पक्षीच ना,” मी म्हणालो.

डेव्हिन म्हणून एक गुबगुबीत पोरगा आहे, तो पडद्याकडे बघून कुजबुजला, “मी मरेन, पण बादलीत करणार नाही.”

“मर,” मी म्हणालो, “पण हळू आवाजात.”

पोरं पेंढ्यात तोंड खुपसून हसली. हॅटी हसताना आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात. हे तुझं आहे.

मग ती सरकत माझ्या शेजारच्या झडपेशी आली. मी बोलावलं नव्हतं, बाईंना विचार. सगळा थवा गेलेला, म्हणून थोडं कुजबुजलं तर चालत होतं.

“तो का जात नाही?”

“पंख मोडलाय त्याचा.”

“आणि दुसऱ्याचा?”

“तिचा धड आहे. ती त्याची जोडीदारीण. ऐक, तो एकदा ओरडतो आणि ती दोनदा. नेहमी असंच. त्यावरून ओळखायचं.”

तिनं ऐकलं. तो एकदा, ती दोनदा. खूप वेळ तेच चाललं होतं. ती दोनचार पावलं पळायची, पंख पसरायची, आणि तो मागून निघाला नाही की परत येऊन त्याच्याजवळ उभी राहायची.

“डॉक्टरला बोलवा ना.”

“आपण गेलो की डार्ला बोलावणार आहे. आपण हललो तर तो घाबरून खोल पाण्यात जाईल.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “हा कोट कुणाचा आहे?”

“एका मुलाचा होता.”

“मग त्यानं टाकून का दिला?”

“त्याला लहान झाला,” मी म्हणालो.

कॉरीन, ह्यात शब्द मोडला का? मी रात्रभर विचार करतोय. नाव घेतलं नाही. खोटंही बोललो नाही. लहान झालाच होता.

दरवर्षी मी पोरांना सांगत आलोय की क्रौंचाचा जोडीदार जायबंदी झाला तर दुसरा त्याला सोडून जात नाही. पोरांना ते आवडतं, बायांच्या डोळ्यांत पाणी येतं. व्लास्तालाही हे फार आवडायचं, ती आलेल्या प्रत्येकाला सांगायची. काल माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हॅटीच म्हणाली, “पण तिला जावंच लागेल ना? नाहीतर ती पण उपाशी मरेल.”

मादी पुन्हा पळाली, आणि ह्या वेळी उठली. पाण्यावरून एक मोठी फेरी घेतली, दोनदा ओरडली. खालून त्यानं एकदा उत्तर दिलं. मग ती शेतांकडे वळली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली.

हॅटीनं माझी बाही धरली होती. तिला कळलंही नसेल.

“गेली,” ती म्हणाली.

“हो, गेली.”

“बरं झालं.”

“हो,” मी म्हणालो. “बरं झालं.”

हे मी पोरीचं मन राखायला म्हणालो नाही. एवढं तुला कळावं म्हणून पत्र लिहायला घेतलं, बाकीचं ओघात आलं.

तो खाली होता, म्हणजे नियमानं आम्ही अजून बसायला हवं होतं. मी झडपा लावल्या आणि पोरांना मागच्या दारानं बाहेर काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घाई झाली, पोरं बसकडे पळत सुटली, बाई नावं पुकारत होत्या. त्या गडबडीत हॅटीचा गुलाबी कोट इथेच राहिला आणि तो तपकिरी तिच्या अंगावर गेला. आता तुला मिळालाच असेल. माझं लक्ष नव्हतं.

एमिल

३ एप्रिल

प्रिय कॉरीन,

गुलाबी कोट पार्सलनं पाठवतोय. धुतलेला नाही, झटकलाय फक्त. खिशात अर्धं चिकट चॉकलेट होतं, ते तसंच ठेवलंय, कुणाच्या खिशातलं काही काढू नये. मुंग्या लागल्या असतील तर माफ कर.

त्या कोटाबद्दल. तू तो बघितल्याबरोबर ओळखला असशील, त्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही. तो ट्रंकेतला नव्हता. घरून नेऊन आदल्या दिवशी मीच ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवला होता. तिच्या अंगावर गडद कोट असता तर तसाच परत आणला असता, हे खरं सांगतो. आणि माझं लक्ष नव्हतं असं लिहिलं, तेही खरं नाही. ती बसमध्ये चढताना मला पाठमोरा कोट दिसत होता. हाक मारता आली असती. बस रस्त्याला लागून पुलाकडे वळेपर्यंत मी हाक मारायचा विचारच करत होतो.

तुला तो घरात नको असेल तर टाकून दे. परत पाठवलास तरी चालेल. ग्लेनला विचार, त्याला वाईट वाटायला नको. तो चांगला माणूस आहे असं तू लिहितेस, आणि पोरीकडे बघून मलाही तसंच वाटलं. घाबरलेलं पोर वेगळं दिसतं. ही घाबरलेली नाही.

आणखी एक. हॅटी विचारेल, त्या पक्ष्याचं पुढे काय झालं. डार्लानं जखमी पक्ष्यांच्या माणसाला फोन केला होता, पण त्याला लांबून यायचं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी आला. मीही त्याच्याबरोबर गेलो. वाळूवर कोयोटाच्या, त्या रानकोल्ह्याच्या, पावलांचे ठसे होते आणि पिसं होती. डार्ला म्हणते, पोरांना कळवू या की डॉक्टर घेऊन गेले. मी म्हटलं, शाळेला काय कळवायचं ते तू कळव, एका मुलीचं मला तिच्या आईला विचारावं लागेल. डार्लानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग कॉफी ओतून दिली. तिला कळलं असावं. मी काही बोललो नव्हतो.

तेव्हा तिला काय सांगायचं, ते तूच ठरव. आता सांगायचं की मोठी झाल्यावर, तेही. मी कुणाला काही लिहिणार नाही.

एमिल

३० मे

प्रिय कॉरीन,

पार्सल सोमवारी आलं. त्यात चिठ्ठी नाही. मी कागद उलटापालटा केला, खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आतही बघितलं. मग दोन्ही खिसे बघितले. रिकामे आहेत.

कोट धुतलेला आहे. कुत्र्याचा वास गेला. मी नाक लावून बसलो होतो, साबणाचाच वास येतो. जायचाच होता कधीतरी. तुझ्यावर राग नाही. दोन दिवस होता, आता नाही.

काल परत काढला, खुंटीला अडकवायला म्हणून, तेव्हा बाह्या दिसल्या.

व्लास्ता मिलोला कपडे नेहमी मोठे घ्यायची आणि बाह्या आत दुमडून शिवून ठेवायची. पोरगं वाढलं की दुमड सोडायची. ह्या कोटाची दुमड तिनं कधी सोडली नाही. मिलो त्या वर्षी एकदम वाढला आणि सरळ माझे कोट घालायला लागला. तिचा तो टाका मी हजारात ओळखीन, बारीक आणि गच्च, उसवायला बसलं तर नखं तुटतील असा. तो कुणीतरी उसवलाय. एकेक टाका, कापड न फाडता. दुमड सोडून काठ नव्यानं शिवलाय. दोन्ही बाह्या. इतकी वर्षं जे कापड आत होतं ते बाहेर आलंय, आणि बाकीचा कोट विटका असला तरी तेवढा मनगटाशी पट्टा गडद तपकिरी आहे, दुकानातून आणला तेव्हा होता तसा.

आधी वाटलं, धुताना उसवलं असेल आणि तू नुसतं नीट करून पाठवलंस. मग चष्मा लावून बघितलं. धुताना असं दोन्हीकडे सारखं उसवत नाही. पण माझी नजर आता तितकी चांगली नाही, म्हणून खात्रीनं म्हणत नाही. तू काही लिहू नकोस. बरोबर असलो तर तसंच राहू दे, आणि चूक असलो तरी.

मार्चमध्ये मी तब्येतीबद्दल जे लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. छातीचं आहे. डॉक्टर म्हणतो, पहाटेच्या थंडीत नदीवर जायचं आता बंद. पुढच्या वसंतात मी लपणात असेन की नाही, सांगता येत नाही. त्याची काळजी करू नकोस. तू करणार नाहीस, पण करू नकोस.

आज दुपारी कोट घेऊन अभयारण्यावर गेलो. आता तिथे एकही क्रौंच नाही, सगळे उत्तरेला गेले. गवत गुडघ्यापर्यंत आलंय आणि खांबावर मेडोलार्क पक्षी ओरडत बसलाय. डार्ला झडपांना रंग लावत होती. तिला हाताला धरून ट्रंकेपाशी नेलं आणि कोट दाखवला. तळाशी ठेवलाय, वर दुसरे घातलेत, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

“कुणासाठी?” तिनं विचारलं.

“एका बुटावर दुसरा बूट ठेवून उभी राहील तिच्यासाठी,” मी म्हणालो. “तिच्या अंगावर गडद कोट असला तर देऊ नकोस.”

“आणि गुलाबी असला तर?”

“तर दे. आता बाह्या पुरतील तिला.”

एमिल